‘मी तीनदा बोलले’ : फोनवरच्या बैठकीत प्रत्येकीचा आवाज पोचावा म्हणून



आज फोनवरच्या बैठकीबद्दल बोलू. सुरुवात आमच्याकडच्याच एका गटापासून करतो. पैठण तालुक्यातला गट, बारा जणींचा. दिवाळीनंतर त्यातल्या चौघी ऊसतोडीला गेल्या. बैठक मोडायची नाही, म्हणून गटाने ठरवलं की रात्री आठला सगळ्यांनी फोनवर एकत्र यायचं. एका बैठकीत अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. शिल्लक एकीलाच पुरेल एवढी होती. गावातल्या एका ताईने बियाण्यासाठी मागणी केली, सगळ्या एकदम बोलायला लागल्या, दोन मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ झालं आणि ठराव लिहिला गेला.

त्यानंतर ऊसतोडीवरच्या एका ताईने बचत पाठवणं थांबवलं. फोन केला तर ‘हो हो’ म्हणायची. गटाला वाटलं, हिला आता गट नकोसा झाला. गुढीपाडव्याच्या सुमारास ती गावी परतली, बैठकीला आली आणि रडत म्हणाली, “मुलीच्या बाळंतपणाला मलाही पैसे लागत होते. मी तीनदा बोलले. एकीनेही उत्तर दिलं नाही.” बाकीच्या अकरा जणी एकमेकींकडे बघतच राहिल्या. कारण त्या अकरा जणींपैकी एकीलाही तिचा आवाज एकदासुद्धा ऐकू आला नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही समन्वयक हा विषय समजून घेतोय. जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट : ओसरीवर चालतं ते फोनवर का चालत नाही?

ओसरीवर गोल करून बसलो की चौघी एकदम बोलतात, तरी आपल्याला पाहिजे तिचं बोलणं कळतं. याला कारण आपले दोन कान. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात थोडा आधी आणि थोडा मोठा पोचतो. त्यावरून मेंदू ओळखतो की ही आवाज देणारी इकडे बसली आहे, ती तिकडे. शिवाय ओठ हलताना दिसतात. कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाने याचे प्रयोग केले, ते १९५३ साली प्रसिद्ध झाले. दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली तर माणूस हवं ते एक सहज धरून ठेवतो. तीच दोन बोलणी एकात मिसळून ऐकवली की ती वेगळी करताना त्याची दमछाक होते.

फोनवर नेमकं हेच होतं. बारा जणींचे आवाज एकाच छोट्या स्पीकरमधून बाहेर पडतात. ज्वारी आणि बाजरीचे दाणे एकत्र झाले तर सुपात निवडता येतात. पण दोन्ही एकत्र दळल्यावर ते पीठ कोण निवडणार? फोनवर एकदम बोललेलं बोलणं हे असं दळलेलं पीठ आहे.

दुसरी गोष्ट : आपण एकमेकींचं बोलणं तोडतो, पण मुद्दाम नाही.

समोरासमोर बोलताना एकीचं संपलं की दुसरी सुरू होते. मधली जागा किती असते? दहा भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही जागा सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी निघाली. म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढीच.

आता फोनमध्ये काय होतं ते बघा. आपला आवाज अगदी बारीक तुकड्यांत कापला जातो. ते तुकडे टॉवरवरून, तारांमधून, कंपनीच्या मोठ्या संगणकातून फिरून दुसऱ्या फोनवर जातात आणि तिथे परत जोडले जातात. याला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे एका बाजूने दुसरीकडे आवाज जायला साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बोलणं नीट चालतं. ४०० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर फार अडचण होते. रेंज कमी असली की हा उशीर वाढतो, काही तुकडे वाटेतच गळतात आणि शब्द तुटक येतात.

म्हणून आपल्याला वाटतं, ‘सगळ्या गप्प आहेत, आता मी बोलते.’ पण तेवढ्यात दुसरीने सुरुवात केलेली असते, फक्त तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. दोघी एकदम बोलतात, दोघी एकदम थांबतात. ‘बोला ताई’, ‘नाही, तुम्ही बोला’, आणि परत दोघी एकदम! यात कुणीच उद्धट नसतं. दोष त्या उशिराचा असतो.

तिसरी गोष्ट : फोन आपल्या मनानेही आवाज निवडतो.

स्पीकर चालू असताना समोरच्याचा आवाज आपल्याच माइकमधून परत जाऊ नये, घुमू नये, म्हणून फोन काळजी घेतो. ती घेताना पुष्कळदा तो एका बाजूचा आवाज दाबतो. गाडीचा, पंख्याचा, वाऱ्याचा गोंगाट कमी करायलाही तो धडपडतो. त्यात लांबून बोललेला हळू आवाज गोंगाट समजून पुसला जाऊ शकतो. मोठ्या बैठकांची काही ॲप तर एका वेळी सगळ्यात मोठे दोन-चार आवाजच पुढे पाठवतात.

यातला मुद्दा लक्षात घ्या. फोनला मोठा आवाज कळतो. गरज कुणाची मोठी आहे, हे त्याला कळत नाही. जी खणखणीत बोलते, जिच्या घरावर रेंज चांगली, जिचा फोन नवा, तिचं ऐकू जातं. जी कोपीत बसून, शेजारी माणसं झोपलेली असताना, दबक्या आवाजात बोलते, तिचं पुसलं जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं पुसलं गेलं हे कुणालाच कळत नाही. ओसरीवर एखादी गप्प बसली तर तिचा चेहरा दिसतो. फोनवर तिचं गप्प असणं आपण होकार धरतो.

आकड्यांचंही तसंच. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, तोही हलक्याशा फटक्याचा. त्यावर दुसरीचा आवाज पडला की पहिल्यांदा हा बारीक फरकच झाकला जातो. हप्ता सातशेचा की आठशेचा, यावरून आमच्या गटांमध्ये वाद झाले आहेत. दोघी खऱ्या होत्या. एक बरोबर बोलली होती आणि दुसरीने जे ऐकलं तेच लिहिलं होतं.

मग करायचं काय?

आपल्याला हे नवीन नाही, ताईंनो. जात्यावर दोघी बसायच्या तेव्हा एक ओवी धरायची आणि दुसरी ती उचलायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पाळी देणं-घेणं आपल्या आजीला येत होतं. भजनात सगळ्या एकदम गातो ते गोड लागतं, कारण सगळ्यांचे शब्द एकच असतात. चर्चेत प्रत्येकीचे शब्द वेगळे, म्हणून तिथे पाळीच पाहिजे.

आमच्या गटांनी ठरवलेल्या आणि उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा :

एक, बैठक चालवणारी एकच. अध्यक्ष किंवा त्या दिवसापुरती नेमलेली ताई. तिने नाव घेतल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. नावं हजेरीच्या वहीच्या क्रमाने घ्यायची. आणि लांब असलेल्या, रेंज कमी असलेल्या ताईचं नाव पहिलं घ्यायचं, शेवटचं नाही.

दोन, जिची पाळी नाही तिने माइक बंद ठेवायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये २०२२ पासून दुसरीचा माइकही बंद करता येतो. एखादीच्या घरात टीव्ही चालू राहिला तर बैठक चालवणारीने तो बंद करावा. पण आधी सांगून. नाही तर तिला वाटेल, मला गप्प केलं.

तीन, बोलायच्या आधी आपलं नाव सांगायचं आणि संपलं की ‘झालं’ म्हणायचं. वायरलेसवर पोलीस ‘ओव्हर’ म्हणतात ना, तसंच. ‘झालं’ ऐकल्यावर दोन श्वास थांबायचं, मगच पुढची. सुरुवातीला हसू येतं, दोन बैठकांत सवय होते.

चार, आकडा दोन प्रकारे सांगायचा. ‘सात हजार, म्हणजे सातावर तीन शून्य.’ सचिवाने तो परत म्हणून दाखवायचा आणि मागणाऱ्या ताईने ‘बरोबर’ म्हटल्यावरच लिहायचा.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गप्प बसणं म्हणजे होकार नाही. कर्जाचा विषय असेल तर ठरावाआधी प्रत्येकीला नावाने दोन प्रश्न विचारायचे : ‘तुमची मागणी आहे का?’ आणि ‘या ठरावाला तुमचा होकार आहे का?’ उत्तर आलं नाही तर ‘उत्तर आलं नाही’ असं लिहायचं. कॉल तुटलेल्या ताईला नंतर वेगळा फोन करायचा. तोपर्यंत पैसे वाटायचे नाहीत.

सहा, शेवटी सचिवाने सगळे ठराव वाचून दाखवायचे आणि तेच बोलून गटाच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकायचा. जी कामावर होती ती रात्री ऐकेल. समोरासमोर भेट झाली की इतिवृत्ताच्या वहीवर सह्या घ्यायच्या.

फोन वापरायच्याही दोन-तीन युक्त्या आहेत. पत्र्याच्या घरात रेंज कमी मिळते आणि पाऊस आला की पत्र्याचा आवाज सगळं झाकतो, म्हणून अंगणात यावं. व्हिडिओ बंद ठेवावा. साधा तारेचा इअरफोन असेल तर तो लावावा, आवाज घुमत नाही आणि माइक तोंडाजवळ येतो. एकाच घरात दोन फोन स्पीकरवर ठेवू नयेत, शिट्टी वाजते. एका फोनवर दोघी असतील तर एकीने तो हातात धरून बोलावं, मग दुसरीच्या हातात द्यावा. आणि इअरफोनचा आणखी एक फायदा. कर्जाची, घरच्या अडचणीची गोष्ट सासऱ्यांसमोर, दिरासमोर स्पीकरवर निघत नाही. पुष्कळ जणींचा फोन मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. ती मोकळं बोलू शकते का, हे विचारणंही बैठक चालवणारीचं काम आहे.

फोनवर किती जणी बसतील हेही बघावं लागतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलवर आधी चौघीच आणि मग आठच जणी येत होत्या, बारा जणींच्या गटातल्या चौघी बाहेरच राहायच्या. २०२२ पासून आवाजी कॉलवर बत्तीस जणींची सोय झाली. जागा झाली हे खरं, पण जागा मिळाली म्हणजे बोलायला मिळालं असं नाही.

त्या ताईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. गटाने तिच्याजवळ चूक कबूल केली. परतफेड जमा झाल्यावर पहिलं कर्ज तिला दिलं. मुलीच्या बाळंतपणाची वेळ तर निघून गेली होती, तेव्हा तिने सावकाराकडून पैसे उचलले होते. गटाच्या पैशातून तिने आधी ते फेडले. ज्या सावकारापासून सुटायला आपण गट काढला, त्याच्याच दारात आपल्यातली एक गेली, आणि तीही आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून. ही गोष्ट गट विसरलेला नाही. यंदा ती परत ऊसतोडीला गेली आहे. फोनवरच्या बैठकीत पहिलं नाव तिचंच घेतात.

पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र नियमित बैठक. बैठक म्हणजे नुसतं जमणं नाही, प्रत्येकीचं ऐकून घेणं. तुमच्या गटाच्या पुढच्या फोनवरच्या बैठकीत एवढंच करून बघा. ठराव लिहायच्या आधी थांबा, वही उघडा आणि मोजा : आज किती जणींचा आवाज ऐकला? जिचा ऐकला नाही, तिचं नाव घ्या.