तीन पायांवरचे म्हातारपण

निरोगी कुत्र्याच्या शरीराचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गमावलेल्या कुत्र्याला तोल सावरणे मागचा पाय गमावलेल्यापेक्षा सहसा अधिक जड जाते. तरुणपणी बळकट स्नायू ही उणीव भरून काढतात. उतारवयात मात्र ते क्षीण होतात आणि वर्षानुवर्षे जादा भार वाहिलेल्या सांध्यांतील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील लवचिक आवरण, झिजून अस्थिसंधिवात बळावतो.

अशा प्राण्याचा घरातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गुळगुळीत फरशी: उठताना एकुलता एक पुढचा पंजा बाहेरच्या बाजूला घसरतो, छाती जमिनीवर आदळते आणि पुढे तो बिचारा उठायलाच कचरू लागतो. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणाऱ्या रबरी चटया अंथरल्या, नखे आखूड ठेवली आणि तळव्याच्या गाद्यांमधील केस कापले, तरी पुष्कळ फरक पडतो. वजनाबाबत हयगय नकोच. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. एका लांब फेरीऐवजी अनेक छोट्या फेऱ्या बऱ्या, आणि जिन्यावर छाती-पोटाला आधार देणारा पट्टा हवा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, त्याला कदापि देऊ नयेत. त्यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.