भांग रुंदावतोय, हॉर्मोनच्या गोळ्या घेऊ का?



मागच्या भागात आपण अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम याबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते मात्र केसांबद्दल. कुणी इंदूरहून विचारलं, कुणी बडोद्याहून, कुणी हैदराबादहून, पण प्रश्न एकच: "पाळी जाताना केस विरळ झालेत. एचआरटी घेतली तर परत येतील का?"

उत्तर आधीच देऊन टाकते. फक्त केसांसाठी एचआरटी घेऊ नका. दुसऱ्या त्रासासाठी ती सुरू केली असेल, तर काहीजणींच्या केसांना थोडा आधार मिळतो, पण त्याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

हे मी कोरडेपणाने सांगत नाहीये. या मालिकेचा पहिला भाग रेकॉर्ड करून मी पाहायला बसले, तेव्हा मी काय बोलतेय हे ऐकूच आलं नाही. वरच्या दिव्याखाली चमकणारा माझा भांगच दिसत राहिला. स्त्रीरोगतज्ज्ञ असले तरी पोटात गोळा आलाच.

केसांचं नेमकं होतं काय?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थांबतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच आहे.

इस्ट्रोजेन हे हॉर्मोन केसाला वाढीच्या काळात जास्त दिवस ठेवायला मदत करतं, असं मानलं जातं. पाळी जाताना ते कमी होतं. शरीरात थोड्या प्रमाणात असलेल्या पुरुषी हॉर्मोनचा प्रभाव त्या मानाने वाढतो. ज्यांची केसांची मुळं आनुवंशिकतेने नाजूक असतात, त्यांच्या मुळांतून दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस येतो. केसांची संख्या फारशी घटली नाही तरी वेणी हातात बारीक लागते. कपाळावरची रेषा जागेवर राहते, भांग मात्र रुंदावतो. वय आणि आई-वडिलांकडून आलेला वारसा यांचाही यात मोठा वाटा असतो, म्हणून सगळा दोष हॉर्मोनवर टाकता येत नाही.

पण प्रत्येक गळती अशी नसते. डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन किंवा उपास करून झपाट्याने घटवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेक वेळा परत येतात. थायरॉईड मंदावलं तरी केस जातात. पाळी जाण्याआधीची काही वर्षं अंगावरून फार गेलं असेल, तर शरीरातलं लोह संपतं आणि केस गळतात. कपाळाची रेषाच मागे सरकतेय आणि भुवयाही विरळ होतायत, असं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. त्या प्रकारात मुळं कायमची बुजतात, म्हणून वेळ दवडू नका.

वहिनीची गोष्ट

आता एक गोष्ट सांगते, आणि त्यात चूक माझीही आहे. माझ्या वहिनीची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. एकदा तिचा फोन आला, "केसांसाठी हॉर्मोनची गोळी चालते ना गं?" ओपीडीत गर्दी होती. मी म्हटलं, "चालते, नंतर बोलू." ते नंतर काही आलंच नाही.

तिच्या मैत्रिणीला इस्ट्रोजेनची गोळी सुरू होती आणि तिला बरं वाटत होतं. वहिनीने त्याच नावाची गोळी आणली. पण मैत्रिणीची गर्भपिशवी काढलेली होती, वहिनीची नव्हती. सगळा फरक इथे आहे. गर्भपिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं, तर तिचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. त्याला आवर घालायला सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच.

आठ महिन्यांनी तिला रक्तस्राव झाला. ती खूश होती, "पाळी परत आली, म्हणजे गोळी लागू पडली!" मला मात्र घाम फुटला. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. कॅन्सर नव्हता, पण अस्तराची वाढ होती. गोळी बंद केली, प्रोजेस्टेरॉन दिलं, पुन्हा तपासणी केली. आता ती ठीक आहे.

आणि केस? रक्त तपासलं तेव्हा थायरॉईड मंदावलेलं निघालं. आठ महिने भलत्याच गोळीत गेले. थायरॉईडचं औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत गळती कमी झाली. भांग थोडा रुंद राहिलाय, तो राहणार.

मग एचआरटी कुणासाठी?

वाफा, घाम, झोपमोड, योनीमार्गाचा कोरडेपणा, लवकर पाळी गेल्याने हाडांना असलेला धोका, यासाठी ती चांगलं औषध आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने सगळीकडे घबराट पसरली. दोन्ही हॉर्मोन घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे आठ जास्त केसेस दिसल्या होत्या. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर सहसा ती देत नाहीत.

तुम्ही एचआरटीवर असाल आणि केस जास्त गळत असतील, तर डॉक्टरांना विचारा की यातलं प्रोजेस्टेरॉन कुठल्या प्रकारचं आहे. नॉरएथिस्टेरॉनसारख्या काही प्रकारांत पुरुषी हॉर्मोनचा गुण असतो, तो केसांना मानवत नाही. बदलता येतो. स्वतःहून बंद मात्र करू नका.

केसांसाठी काय करायचं?

आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि थायरॉईड तपासा. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तसं लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो.

भांग रुंदावण्यावर सगळ्यात जास्त पुरावा असलेलं औषध म्हणजे डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, तिथेच अनेकजणी सोडून देतात. चार ते सहा महिने धीर धरावा लागतो, आणि थांबवलं की मिळालेला फायदा हळूहळू जातो. हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर. तेल जरूर लावा, केस मऊ राहतात, पण तेलाने हॉर्मोन बदलत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंबही रक्त दिसलं, तर ती पाळी नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातली कुणी फोनवर "हॉर्मोन चालतं ना?" असं विचारत असेल, तर हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवून तिला विचारा, "कुठली गोळी, कुणी दिली?" मी ते तेव्हा विचारलं नव्हतं.

पुढच्या भागात झोपेबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या.