खाडीचा फोटो कधी काढावा?

मीरा-भाईंदर म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारी दोन स्टेशनं, यापलीकडे बाहेरच्या माणसाला फारसं माहीत नसतं. गावात राहणाऱ्यांनाही 'इथे बघण्यासारखं काय आहे?' असंच वाटतं. म्हणून आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी 'आमचं गाव पाहायला या' असं फोटोंचं प्रदर्शन करायचं ठरवलं. यादी करायला बसलो तर ती लांबतच गेली. घोडबंदरचा किल्ला, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत (१७३७-३९) ज्याच्यासाठी झगडा झाला तो चौकचा धारावी किल्ला, उत्तनला बांबूंवर वाळणारे बोंबील, मिठागरं, तिवरांचं जंगल. आणि पहिला मोठा फोटो अर्थातच खाडीचा. उल्हास नदी ठाण्यापासून पश्चिमेला वळून समुद्राला मिळते, ती या वसईच्या खाडीतून. नदी म्हणावी तर दिवसातून दोनदा उलटी वाहते, समुद्र म्हणावा तर पलीकडे वसई दिसते!

पौर्णिमेला उधाणाची भरती असते हे पुस्तकात होतं. सकाळचा उजेड फोटोला चांगला हेही ऐकून माहीत होतं. दोन्हींची बेरीज करून आम्ही माघ पौर्णिमेला सकाळी सात वाजता वीस मुलांना घेऊन भाईंदरच्या जेट्टीवर गेलो. समोर चिखल! दूरवर पाण्याचा एक पट्टा, मध्ये होड्या कलंडलेल्या, आणि तिवरांच्या मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. जाळं आवरत बसलेले एक काका हसून म्हणाले, "आज पुनव. पाणी बाराला येईल."

आमचं काय चुकलं होतं? पौर्णिमेला भरती मोठी असते हे खरं, पण ती किती वाजता येते हे आम्ही विचारलंच नव्हतं.

काकांनी सांगितलेला हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर अनेकांना ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. एक भरती दिवसा, दुसरी सुमारे साडेबारा तासांनी.

वर्गात आल्यावर मुलांनी विचारलं, पाऊणच का? याचं उत्तर तिथीच्या व्याख्येतच आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणजे एका तिथीमागे चंद्र सूर्याच्या तुलनेत १२/१५ तास, म्हणजे ४८ मिनिटं मागे पडतो, आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे पडते. ४८ मिनिटांऐवजी ४५ धरली की तोंडी हिशेब सोपा. पंचांग हे अशा अर्थानं चंद्राचं घड्याळच आहे. मात्र हे घड्याळ मुंबईच्या आसपास लावलेलं आहे. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांमुळे प्रत्येक बंदरात भरती चंद्रामागून वेगवेगळ्या वेळानं येते, त्यामुळे इतर ठिकाणच्या शिक्षकांनी तिथल्या मच्छीमारांना विचारूनच हा पाढा वापरावा.

आता खरी अडचण लक्षात आली. इथे उधाणाची भरती नेहमी दुपारी (आणि मध्यरात्री) बाराच्या सुमारासच येणार, आणि उधाणाची ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे भरपूर पाणी असतं तेव्हा उजेड वाईट, आणि उजेड चांगला असतो तेव्हा चिखल.

दुपारचा उजेड वाईट कशामुळे? सूर्य डोक्यावर असला की सावल्या पायाशी गोळा होतात, किल्ल्याची भिंत सपाट दिसते, माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. संध्याकाळी किरण तिरके येतात आणि त्यांना बरीच जास्त हवा ओलांडावी लागते. सूर्य ३० अंशांवर असताना डोक्यावरच्या दुप्पट, १० अंशांवर साडेपाच पट, क्षितिजावर तर सुमारे ३८ पट. वाटेत निळा प्रकाश जास्त विखुरला जातो, पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. सूर्य क्षितिजाच्या एक मूठ वर आला की आपल्या अक्षांशावर मार्चमध्ये मावळायला जेमतेम ४० ते ४५ मिनिटं उरतात. सगळं काम तेवढ्यात. मुलांनी शाळेच्या गच्चीवरून हे घड्याळ लावून तपासलं. प्रत्येकाची मूठ वेगळी, तरी उत्तरं जवळपास आली.

मग तडजोड करायची ठरली. अष्टमी-नवमीला भरती संध्याकाळी सहा-पावणेसातला येते. पण ती भांगाची भरती. चंद्राची ओढ १०० धरली तर सूर्याची ४६ भरते. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची बेरीज १४६, अष्टमीला वजाबाकी ५४. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी साधारण साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला दीड मीटरच्या आसपास. म्हणजे खाडी काठोकाठ भरणार नाही, पण ओहोटीलाही फार रिकामी होणार नाही. शिवाय भरती पूर्ण होताना अर्धा-पाऊण तास पातळी फारशी हलत नाही. आपल्याला उजेडही तेवढाच वेळ मिळणार!

महिना कोणता, हा प्रश्न सूर्यानं सोडवला. डिसेंबरात तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला, म्हणजे जेट्टीवरून पाहता चौक-डोंगरीच्या जमिनीकडे मावळतो. जूनमध्ये तितकाच उत्तरेला, वसईच्या किल्ल्याच्या अंगाला, पण तेव्हा ढग. २१ मार्चच्या सुमारास तो नेमका पश्चिमेला, खाडीच्या तोंडाकडे, पावणेसातच्या थोडं पुढे मावळतो. नवमीची भरती पावणेसात. मार्चमधली नवमी ठरली. भाईंदर-वसई रो-रो बोट २०२४ पासून सुरू आहे, तिचीही वेळ मुलांनी लिहून आणली, म्हणजे फोटोत बोट येईल. रेल्वेच्या हद्दीत जायचं नाही आणि उत्तनला बोंबील घालणाऱ्या बायकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे आम्ही वेगळं बजावलं.

नवमीला आम्ही पाचलाच पोचलो. मुलांनी जेट्टीच्या पायऱ्यांवर खडूनं खुणा केल्या. पावणेसातला सूर्य टेकला तरी पाणी चढतच होतं. शेवटची पायरी भिजली ती सव्वासातनंतर. भांगाच्या दिवसांत पाढा असा चुकतो, आणि समुद्राचं पाणी खाडीत आत यायलाही थोडा वेळ लागतो. फोटो मात्र छान आला. पाणी सोन्यासारखं, चिखल झाकलेला, पिशव्या झाकलेल्या.

वाद झाला तो त्यानंतर. "हा फोटो पाहून कुणी पौर्णिमेला सकाळी आलं तर?" असं एका मुलीनं विचारलं. कुणी म्हणालं, जाहिरात अशीच असते. दुसऱ्यानं आठवण दिली की चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं आणि चिखल टोचत फिरणारे पाणपक्षी त्या पहिल्या दिवशीच दिसले होते, नवमीला त्यातलं काही दिसलं नव्हतं. पिशव्यांचा फोटो लावावा की नाही यावर दोन तास गेले. आमच्यातही एकमत नव्हतं.

शेवटी दोन्ही फोटो शेजारीशेजारी लागले, पिशव्यांसकट. एकाखाली 'माघ पौर्णिमा, सकाळी ७', दुसऱ्याखाली 'नवमी, संध्याकाळी ६.४०', आणि मध्ये पाऊणचा पाढा.