राजापूरच्या खासदाराचा पाठपुरावा

प्रा. मधु दंडवते राजापूर मतदारसंघातून पाच वेळा लोकसभेवर गेले: 1971, 1977, 1980, 1984 आणि 1989. या वीस वर्षांत ते सत्तेत किती काळ होते, याचा हिशेब मी एकदा मांडला. मार्च 1977 ते जुलै 1979 रेल्वेमंत्री, डिसेंबर 1989 ते नोव्हेंबर 1990 अर्थमंत्री. सगळी मिळून सव्वातीन वर्षं. बाकीचा सारा काळ विरोधी बाकांवर, आणीबाणीतला तुरुंगवासही त्यातच आला. ‘विरोधातला खासदार निवडून कोकणाने काय मिळवलं?’ हा प्रश्न रत्नागिरीत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पारावर ऐकला, एसटीत ऐकला, प्रचाराच्या भाषणांत तर हमखास ऐकला. तो विचारणाऱ्यांना खासदाराचं काम नेमकं कसं चालतं हे कुणी दाखवलेलंच नाही, असं माझं मत होत गेलं.

दंडवते कोकणातले नव्हते. जन्म नगरचा, मुक्काम मुंबईचा, विषय पदार्थविज्ञान. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते शिकवत. 1942 च्या लढ्यातून राजकारणात आलेले, 1955 च्या गोवा सत्याग्रहात मार खाल्लेले समाजवादी. राजापूरची जागा त्याआधी बॅरिस्टर नाथ पैंची. 1957 पासून तीन वेळा निवडून आलेला हा वेंगुर्ल्याचा माणूस 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात अचानक गेला. लोकसभा बरखास्त झालेली, निवडणूक तोंडावर आलेली. देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि प्रजा समाजवादी पक्षाचे दोनच खासदार त्या वर्षी निवडून आले. त्यातले एक राजापूरहून. ज्या घरांतला कर्ता पुरुष गिरणगावात राबत होता, ज्यांची चूल मनिऑर्डरीवर पेटत होती, त्या घरांतल्या बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी मुंबईच्या या प्राध्यापकाला दिल्लीला पाठवलं. ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. जात, गाव, नातं यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हतं.

अशा खासदाराच्या हाती साधनं कोणती? खासदार निधी नव्हता. स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली डिसेंबर 1993 मध्ये, म्हणजे दंडवते राजापुरात पडल्यानंतर दोन वर्षांनी. पाच कार्यकाळांत स्वतःच्या अधिकारात गावच्या विहिरीला द्यायला त्यांच्याकडे एक रुपयाही नव्हता. होते ते प्रश्न, सूचना आणि पत्रं.

संसदेच्या कामकाजाचे जुने खंड आता संगणकावर वाचता येतात. रेल्वेच्या मागण्यांवरच्या चर्चेची पानं चाळताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं: या मागणीत 100 रुपयांची कपात करावी. कपात सूचना म्हणतात ती हीच. कोट्यवधींच्या मागणीत शंभर रुपये कमी करा, असं विरोधी सदस्य लेखी देतो आणि खाली कारण लिहितो: अमुक मार्गाचं सर्वेक्षण झालेलं नाही, अमुक स्थानकात निवारा नाही. सूचना फेटाळली जाणार हे त्यालाही ठाऊक असतं. पण कारण छापलं जातं, सदस्याच्या नावानिशी कायमचं नोंदलं जातं, आणि पुढच्या वर्षी मंत्र्याला ‘हे आम्हांला माहीतच नव्हतं’ म्हणता येत नाही. तारांकित प्रश्नाचंही तसंच. मुदतीत सूचना द्यायची, चिठ्ठीत नंबर लागायची वाट बघायची, उत्तर आलं की त्यातली फट हेरून उभ्या उभ्या उपप्रश्न टाकायचा. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही शिस्त अंगवळणी पडली असणार, असं मला ती पानं वाचताना वाटत राहतं.

हे काम खालच्या टोकाला कसं दिसतं ते बघायला मी आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात दिवसभर बसलो. नाव लिहीत नाही, कारण कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात हे असंच चालतं. एक टेबल, आवक-जावकच्या दोन नोंदवह्या, शिक्का, आणि भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं. खासदार-आमदार तिथे क्वचितच असतात. सगळं चालतं ते टेबलामागच्या साहाय्यकावर. एक म्हातारबाबा आले होते. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये ओढा, पावसाळ्यात पोरं अडकतात, म्हणून साकव हवा होता. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले.

“काका, ग्रामपंचायतीचा ठराव जोडलाय काय?”

“हाय की. पन तो गेल्या वरसाचा हाय.”

“मग नवा आणा. जुना चालत नाय. आणि वरती वाडीचं नाव घाला, नुसतं गावाचं नको. गावात ओढे चार.”

साहाय्यकाने अर्ज तरीही घेतला. वहीत नोंद केली, क्रमांक टाकला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. मग बांधकाम खात्याच्या उपअभियंत्यांना अंदाजपत्रकासाठी पत्र, त्याची प्रत जिल्हा नियोजन समितीकडे. बाबा पोचेचा कागद डोळ्यांजवळ नेऊन शिक्क्यावरची तारीख वाचत होते. मी साहाय्यकाला विचारलं, होईल का साकव? तो म्हणाला, “तीन पावसाळे धरा. मध्ये बदल्या होतात. नवा साहेब आला की फाइल पहिल्यापासून समजवायची.” समोरचा माणूस बदलला तरी आपण तेच आणि तितक्याच शांतपणे सांगत राहायचं. वीस वर्षं एकाच मतदारसंघाचा खासदार असण्याचं महत्त्व मला त्या टेबलाशी कळलं. मंत्री बदलले, सचिव बदलले, रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष बदलले, मागणी सांगणारा तोच राहिला.

मागणी होती रेल्वेची. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी तिचा ध्यास आधीच घेतलेला, नाथ पैंनी ती सभागृहात मांडलेली. तोवर कोकणाला मुंबई गाठायची ती बोटीने किंवा कशेडी घाटातून. पावसाळा लागला की बोटी बंद, घाटात दरड आली की रस्ताही बंद. मुंबईत आजारी पडलेल्या माणसापर्यंत घरचे वेळेवर पोहोचत नसत. हे दुःख आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या घरात आहे.

1977 मध्ये मागणी करणाराच रेल्वेमंत्री झाला. मोह होणं स्वाभाविक होतं, पण दंडवत्यांनी मंत्रालय मतदारसंघाच्या दावणीला बांधलं नाही. आधी 1974 च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं. डिसेंबर 1977 मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, वर्गभेद नसलेली. आणि दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम चढवला. कोकणकन्या एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात रात्री मधला बर्थ उघडताना माझा हात त्या गादीवरून फिरतोच. रेक्झिन जागोजाग उसवलेलं, कडेला पिवळट फोम दिसतो, अंगठा दाबला की आत जातो आणि सावकाश वर येतो. शेजारच्या बर्थवर बांधकामावर राबून परतणारा मजूर गाढ झोपलेला असतो. देशभर रोज रात्री लाखो लोकांची पाठ टेकते ती या निर्णयावर. कोकण रेल्वेच्या आधी दंडवत्यांनी हे केलं, याचा राजापूरकर म्हणून मला अभिमान आहे.

मतदारसंघालाच आधी धरणारी रीतही असते. आयर्लंडच्या दक्षिण केरी भागात जॅकी हीली-रे नावाचे एक अपक्ष खासदार होते, 1997 ते 2011. खेडवळ पट्टा, डोंगर, समुद्र, कामासाठी परदेशी गेलेली माणसं. वर्णन वाचताना आपलाच मुलूख वाटावा असा. अल्पमतातल्या सरकारला पाठिंबा द्यायचा आणि बदल्यात आपल्या भागातले रस्ते करून घ्यायचे, ही त्यांची रीत. तिथल्या लोकांना ते पटत होतं, आणि खड्ड्यातून रोज जाणाऱ्या माणसाला ते का पटतं हे मीही समजू शकतो. पण त्या रीतीत एका खोऱ्याचा रस्ता होतो तेव्हा दुसऱ्या खोऱ्याचा मागे पडतो. दंडवत्यांनी केलेली मांडणी वेगळी होती. कोकणाची रेल्वे ही मुंबई ते मंगळूर अशा पश्चिम किनाऱ्याच्या रेल्वेचा भाग म्हणून त्यांनी पुढे नेली. वाट लांब पडली, पण गोवा, कर्नाटक आणि केरळही त्या मागणीत आले. पहिला टप्पा आपटा ते रोहा. रूळ रोह्याला पोहोचले 1986 मध्ये. तेव्हा दंडवते पुन्हा विरोधात होते.

मग 1989 च्या शेवटी तीन खुर्च्या एकाच वेळी जुळल्या. रेल्वे खात्यात मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, नियोजन आयोगावर कर्नाटकाचे रामकृष्ण हेगडे, अर्थखात्यात दंडवते. सरकार अकरा महिने टिकलं. तेवढ्यात 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. भागभांडवलाची वाटणी अशी: केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. उरलेली रक्कम बाजारातून कर्जरोख्यांनी. अकरा महिन्यांत हे उभं राहू शकलं, कारण कागद आधीच्या वीस-तीस वर्षांत तयार झाले होते. संधी आली त्या दिवशी सर्वेक्षण शोधायला कुणाला धावावं लागलं नाही.

पावसाळ्यात सावंतवाडी पॅसेंजरने रत्नागिरीहून राजापूर रोडपर्यंत खिडकीशी बसून जावं. स्थानक सुटल्यावर थोड्याच वेळात गाडी पानवलच्या पुलावर येते. 64 मीटर उंच, 424 मीटर लांब, आणि खाली झाडांचे शेंडे. मग बोगदा, जांभ्याची कातळकड, पुन्हा बोगदा. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. निवसर, आडवली, विलवडे ही स्थानकं. एकेरी मार्ग असल्याने एखाद्या स्थानकात पॅसेंजर बाजूला थांबते आणि केरळकडची वेगवान गाडी धडधडत निघून जाते. कड्यांवर लोखंडी जाळ्या ठोकलेल्या. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी गाड्या घसरल्या, माणसं गेली. आता पावसाळ्यात ट्रॅकमन रात्रंदिवस पायी गस्त घालतात. नारिंगी जाकीट, खांद्याला झोळी, हातात झेंडी. गाडी जवळ आली की तो कपारीला पाठ लावून उभा राहतो, डोक्यावरून पाणी निथळत असतं, नजर मात्र रुळांवर. माझ्या समोर बसलेल्या बाईंनी त्याला बघून हात जोडले.

राजापूर रोडला उतरल्यावर मात्र राजापूर शहर बरंच लांब राहतं, आणि रात्रीच्या गाडीने आलेल्या माणसाला रिक्षावाला सांगेल तो दर. ज्यांच्या कलमबागा या मार्गात गेल्या, त्यांच्या घरांत कडवटपणा आहे. आमच्याच जमिनीतून आमच्यासाठी न थांबणाऱ्या गाड्या धावतात, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे. रेल्वे आली म्हणून लोकप्रतिनिधीचं काम संपलं नाही, थांब्यांची आणि डब्यांची निवेदनं त्या दोन नोंदवह्यांत आजही चढतात.

1991 च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पाडलं, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. रोहा-वीर हा पहिला तुकडा 1993 मध्ये सुरू झाला आणि जानेवारी 1998 मध्ये संपूर्ण मार्ग. तेव्हा दंडवते इथले खासदार नव्हते. 12 नोव्हेंबर 2005 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघही उरला नाही. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग या मतदारसंघातून खासदार जातो.

त्या खासदाराच्या टपालात वैभववाडी-कोल्हापूर मार्ग आहे. सुमारे 107 किलोमीटर, 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर. कोकणातली बंदरं घाटमाथ्याशी जोडणारा. जागेवर अजून रूळ नाहीत. या मार्गावर सभागृहात किती प्रश्न विचारले गेले, उत्तरात काय आलं आणि त्यावर उपप्रश्न कुणी केला, हे मी प्रत्येक अधिवेशनानंतर शोधून वाचतो. पक्ष कोणता हे न बघता, जो खासदार तो प्रश्न तारखेनिशी लावून धरेल त्याला माझं मत आहे.