जुहूत वाढलेला संघमालक, बारा मोसम आणि आठ प्रशिक्षक

क्रीडा प्रतिनिधी

मुंबई : ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे दोन मोसमपूर्व सामने झाले. एनबीएचे संघ भारतात एकमेकांविरुद्ध खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यातील पहिला सामना ७० शाळांमधील सुमारे तीन हजार मुलामुलींनी पाहिला. पेसर्सने तो अतिरिक्त वेळेत १३२-१३१ असा जिंकला. त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या दोन्ही प्रशिक्षकांची नोकरी पुढे फार काळ टिकली नाही. पेसर्सच्या नेट मॅकमिलन यांना ऑगस्ट २०२० मध्ये निरोप देण्यात आला, तोही करार वाढवून मिळाल्यानंतर महिन्याच्या आत. किंग्जच्या ल्यूक वॉल्टन यांची नोव्हेंबर २०२१ मध्ये गच्छंती झाली.

व्यावसायिक खेळात प्रशिक्षकाची खुर्ची अस्थिर असते, यात नवे काही नाही. संघ हरला की पंधरा खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणे सोपे असते. मात्र तो माणूस खरोखर अपयशी ठरला होता की नाही, हे कोणत्या मोजपट्टीने ठरवायचे आणि ती मोजपट्टी धरणाऱ्याचा हिशेब कोणी घ्यायचा, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. या प्रश्नांचा अभ्यास करायचा तर किंग्जइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. त्यांचे बालपण जुहूत गेले.

आधी प्रशिक्षक, मग व्यवस्थापक

रणदिवे सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेत एमआयटीत गेले. पुढे त्यांनी 'टिब्को' ही सॉफ्टवेअर कंपनी स्थापन केली. क्रिकेट आणि फुटबॉलवर वाढलेल्या या उद्योजकाचा बास्केटबॉलशी जवळून संबंध आला तो मुलीमुळे. कॅलिफोर्नियात बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला त्यांनी प्रशिक्षण दिले आणि प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण मैदानभर दाबात ठेवण्याच्या डावपेचावर हा तुलनेने दुबळा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेला. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्यावर लिहिल्याने ही कथा जगभर पोहोचली.

मे २०१३ मध्ये रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने किंग्जची मालकी घेतली आणि सिएटलला हलविला जाऊ पाहणारा हा संघ सॅक्रॅमेंटोतच राहिला. २०१६ मध्ये संघाला नवे क्रीडागृहही मिळाले. हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. मात्र प्रशिक्षकाच्या बाबतीत पहिल्याच पावलावर क्रम चुकला. एनबीएमध्ये खेळाडूंची निवड, अदलाबदल आणि करार हे महाव्यवस्थापकाचे काम. मिळालेल्या खेळाडूंकडून सराव करून घेणे, कोणाला किती मिनिटे खेळवायचे आणि कोणते डावपेच आखायचे हे ठरविणे, हे प्रशिक्षकाचे काम. म्हणून साधारणतः आधी महाव्यवस्थापक नेमतात आणि तो आपल्या विचाराचा प्रशिक्षक निवडतो. किंग्जने मायकेल मलोन यांना प्रशिक्षक म्हणून आधी नेमले. महाव्यवस्थापक त्यानंतर आला. संघ कसा खेळावा याविषयी दोघांचे एकमत असण्याची खात्री त्यामुळे कोणीच देऊ शकत नव्हते.

मलोन यांचा भर बचावावर होता, तर व्यवस्थापनाला वेगवान आक्रमण हवे होते. पहिल्या मोसमात २८ विजय मिळाले. दुसऱ्याची सुरुवात बरी झाली, पण संघाचा आधारस्तंभ डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराच्या विषाणूजन्य प्रकाराने आजारी पडला आणि त्याच्याविना खेळलेल्या नऊ सामन्यांपैकी सात संघाने गमावले. ११ विजय आणि १३ पराभव अशी स्थिती असताना, डिसेंबर २०१४ मध्ये मलोन यांना काढण्यात आले. हंगामी प्रशिक्षक टायरोन कॉर्बिन यांच्या हाताखाली २८ सामन्यांत ७ विजय मिळाले. फेब्रुवारीत अनुभवी जॉर्ज कार्ल आले. मोसमअखेर हिशेब झाला तेव्हा तीन प्रशिक्षकांचे मिळून विजय भरले २९. आदल्या मोसमापेक्षा एक जास्त.

आकडे काय सांगतात?

एनबीएच्या पूर्ण मोसमात प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो. त्यातील २४ सामन्यांवरून प्रशिक्षकाबद्दल किती कळू शकते? समजा, एखादा संघ अगदी सरासरी आहे आणि प्रत्येक सामन्यात त्याला जिंकण्याची निम्मी संधी आहे. असा संघ २४ सामन्यांत ११ किंवा त्याहून कमी विजयांवर थांबण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ४२ असते. म्हणजे ११-१३ हा निकाल निव्वळ योगायोगानेही सहज लागू शकतो. त्यातून प्रशिक्षक चांगला की वाईट, हे सिद्ध होत नाही.

याउलट वॉल्टन यांची कारकीर्द पाहावी. २०१९ ते २०२१ या काळात त्यांनी १६१ सामन्यांत ६८ विजय मिळवले आणि ९३ सामने गमावले. सरासरी संघाची अशी गत केवळ नशिबाने होण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे तीन. इथे आकडा काही तरी सांगतो. तरीही दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंच्या दर्जाचा, हे उरतेच. किंग्जने २०१८ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅग्लीला घेतले आणि लुका डॉन्चिचला सोडले. डॉन्चिच पुढे जगातील अग्रगण्य खेळाडूंमध्ये गणला गेला. त्या चुकीची किंमत संघाने पुढील अनेक मोसम मोजली, पण ती निवड प्रशिक्षकाची नव्हती.

अभ्यासक म्हणूनच केवळ विजय-पराभव पाहत नाहीत. चेंडूचा ताबा शंभर वेळा मिळाला तर संघ किती गुण करतो आणि किती देतो, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. शेवटच्या क्षणी एका गुणाने हरलेला सामना आणि तीस गुणांनी हरलेला सामना गुणतालिकेत सारखेच दिसतात, खेळात मात्र ते सारखे नसतात. प्रतिस्पर्ध्याचे लांब पल्ल्याचे किती फटके बास्केटमध्ये पडतील, यावर बचाव करणाऱ्या संघाचे नियंत्रण थोडेच असते. असे किती फटके मारू द्यायचे, यावर मात्र ते बरेच असते आणि तेथे प्रशिक्षकाची शिकवण दिसते.

सर्वोत्तम मोसमानंतर निरोप

कार्ल यांच्यानंतर २०१६ मध्ये डेव्ह येगर आले. त्यांच्या तीन मोसमांतील विजय अनुक्रमे ३२, २७ आणि ३९. शेवटचा आकडा किंग्जसाठी २००६ नंतरचा सर्वोत्तम होता. तो मोसम संपला आणि दुसऱ्याच दिवशी, एप्रिल २०१९ मध्ये, येगर यांना काढण्यात आले. त्याच सुमारास महाव्यवस्थापक व्लादे दिवाच यांचा करार मात्र वाढविण्यात आला. बॅग्लीला निवडणाऱ्याला मुदतवाढ आणि विजय वाढविणाऱ्याला निरोप, असा हा न्याय होता. ऑगस्ट २०२० मध्ये दिवाच यांनीही पद सोडले.

वॉल्टन यांच्यानंतर अल्विन जेन्ट्री यांनी हंगामी सूत्रे सांभाळली. तोवर संघ सलग १६ मोसम बाद फेरीपासून दूर राहिला होता. एनबीएच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा दुष्काळ. त्यातील सात मोसम रणदिवे यांच्या आधीचे, नऊ त्यांच्या कारकिर्दीतले.

मे २०२२ मध्ये नेमलेल्या माइक ब्राऊन यांनी तो संपविला. २०२२-२३ मध्ये ४८ विजय आले. शंभर ताब्यांमागे गुण करण्यात किंग्जने लीगचा तोवरचा उच्चांक गाठला. वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून ब्राऊन यांची एकमताने निवड झाली. असे पूर्वी कधीही घडले नव्हते. अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळ करणाऱ्या खेळाडूसाठी त्या वर्षी सुरू झालेला पुरस्कार त्यांच्याच संघातील डी'आरन फॉक्सला मिळाला. पुढच्या मोसमात बचाव सुधारला, मात्र विजय ४६ वर आले आणि बाद फेरी हुकली. तरी जून २०२४ मध्ये ब्राऊन यांचा करार वाढविण्यात आला.

सहाच महिन्यांनी चित्र पालटले. २६ डिसेंबर २०२४ रोजी डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध अखेरच्या काही सेकंदांत किंग्ज तीन गुणांनी पुढे होते. लांबून फटका मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला फॉक्सचा धक्का लागला, फटका बास्केटमध्ये पडला, त्यावर मिळालेला फ्री-थ्रोही पडला आणि किंग्ज एका गुणाने हरले. हा सलग पाचवा पराभव होता. संघाची स्थिती होती १३-१८. दुसऱ्या दिवशी ब्राऊन यांना काढण्यात आले. सरासरी संघाची ३१ सामन्यांत अशी किंवा याहून वाईट स्थिती केवळ नशिबाने होण्याची शक्यता चारात एक.

त्यांच्या जागी आलेल्या डग ख्रिस्ती यांनी उरलेल्या ५१ पैकी २७ सामने जिंकले. बदल लागू पडला, असे यावरून म्हणता येईल. मात्र याच काळात फॉक्स दुसऱ्या संघात गेला आणि बदल्यात नवे खेळाडू आले. प्रशिक्षकही बदलला आणि संघही बदलला, तेव्हा फरक कशामुळे पडला, हे सांगणे अवघड होते. एप्रिल २०२५ मध्ये महाव्यवस्थापक मॉन्टे मॅकनेअर यांनाही जावे लागले. बारा मोसम, हंगामी धरून आठ प्रशिक्षक आणि बाद फेरीत एकदाच प्रवेश, असा रणदिवे यांच्या मालकीचा २०२५ पर्यंतचा ताळेबंद आहे.

काढलेल्यांचे पुढे काय झाले?

किंग्जने काढलेल्या मलोन यांना २०१५ मध्ये डेन्व्हर नगेट्सने घेतले. तेथील पहिल्या मोसमात ३३ विजय मिळाले. डेन्व्हरने धीर धरला आणि आठ वर्षांनी, जून २०२३ मध्ये, मलोन यांनी त्या संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले. एप्रिल २०२५ मध्ये साखळीचे तीनच सामने उरले असताना डेन्व्हरनेही त्यांना निरोप दिला. फरक इतकाच की त्याच दिवशी महाव्यवस्थापकालाही घरी पाठविण्यात आले. सॅन अँटोनिओचे ग्रेग पॉपोविच यांनी १९९६-९७ च्या पहिल्या मोसमात १७ विजय मिळवले आणि ४७ पराभव पाहिले. प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन तेव्हा जायबंदी होता. पुढच्या वर्षी टिम डंकन आला आणि पॉपोविच यांनी पुढे पाच विजेतेपदे मिळवली.

मुंबईकरांना ही गोष्ट क्रिकेटमुळे ओळखीची वाटेल. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ ची रणजी स्पर्धा जिंकली. पुढच्या मोसमात अंतिम सामन्यात गुजरातकडून हार झाली आणि पंडित यांना मुदतवाढ मिळाली नाही. ते विदर्भात गेले आणि विदर्भाने सलग दोन वर्षे रणजी करंडक उचलला. जून २०२२ मध्ये त्यांच्याच मध्य प्रदेशाने अंतिम फेरीत मुंबईला हरविले. मुंबईला पुढचे रणजी विजेतेपद मार्च २०२४ पर्यंत मिळाले नाही. विदर्भाच्या यशात मूळचा मुंबईचाच वासिम जाफर आणि तेथील तरुण गोलंदाज यांचाही मोठा वाटा होता, हेही विसरता येत नाही. अपयश एकट्या प्रशिक्षकाचे नसते, तसे यशही नसते.

मोजपट्टी कशी असावी?

या साऱ्यातून काही निकष निघतात. प्रशिक्षकाकडून काय अपेक्षित आहे, हे नेमणुकीच्या वेळीच सांगितलेले असावे. खेळाडू घडवायचे की यंदाच जिंकायचे, हे नंतर ठरविणे अन्यायाचे होते. तुलना करायची ती त्याला मिळालेल्या खेळाडूंच्या कुवतीशी, दुखापतींचा विचार करून. अवधी निदान इतका असावा की नशिबाचा भाग बाजूला पडेल. खेळाडू त्याच्या हाताखाली सुधारले की नाहीत, हे विजयांइतकेच महत्त्वाचे मानावे. खेळाडूंशी गैरवर्तन, छळ किंवा अप्रामाणिकपणा यांना मात्र कोणताही अवधी नसतो. तेथे कितीही विजय ढाल होऊ शकत नाहीत. अखेरचा निकष बहुतेक ठिकाणी गाळला जातो. प्रशिक्षक काढला की त्याची नेमणूक कोणी केली आणि ती कोठे चुकली, याचेही उत्तर द्यायला हवे.

हे निकष केवळ अब्जाधीश मालकांसाठी नाहीत. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत शाळा, क्लब आणि गृहसंकुलांच्या मैदानांवर मुले बास्केटबॉल शिकतात आणि त्यांच्या प्रशिक्षकांचे मूल्यमापन अनेकदा एका आंतरशालेय चषकावर होते. रणदिवे यांच्या मुलींच्या संघावरूनही असाच वाद झाला होता. मैदानभर दाब टाकून सामने जिंकता येतात, पण त्या वयात मुली फटका, पास आणि पदन्यास शिकल्या का, असा टीकाकारांचा आक्षेप होता. बारा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकाबाबत पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी विचारायचा प्रश्न तोच आहे. वर्षाच्या सुरुवातीला जे मूल डाव्या हाताने चेंडू टप्पा देऊ शकत नव्हते, ते आता देऊ शकते का? सर्व मुलांना खेळायला मिळते का? पुढच्या वर्षी ती पुन्हा मैदानावर येऊ इच्छितात का? या प्रश्नांची उत्तरे चषकांच्या कपाटात नाहीत. ती प्रत्यक्ष सरावाच्या वेळी मैदानावर जाऊन पाहावी लागतात.