गर्दीचे दुकान आणि तिसरे गिऱ्हाईक

दिवाळीच्या आठवड्यात वरूडच्या बाजारात फेरी मारली की एक दृश्य आपल्याला हमखास दिसते. समोरासमोर कापडाची दोन दुकाने. माल साधारण सारखा, भावही जवळजवळ तेच. पण एकात पाय ठेवायला जागा नाही आणि दुसऱ्यात दुकानदार गादीवर एकटाच बसलेला. गर्दीतल्या कोणालाही विचारा, उत्तर मिळते, "एवढे लोक आहेत, म्हणजे मालात काहीतरी असनच ना!"

हे उत्तर कितपत बरोबर आहे? आंबिया बहाराची संत्री याच सुमारास निघू लागतात. वर्षभराच्या मेहनतीचा पैसा हाती येतो आणि लगेच सणाला लागतो. तेव्हा प्रश्न साधा असला तरी क्षुल्लक नाही.

समजा, एक दुकान पूर्वेचे व एक पश्चिमेचे. प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ त्यांच्याविषयी थोडी ऐकीव माहिती आहे. पहिल्याला पूर्वेचे बरे वाटते. तो तेथे शिरतो. दुसऱ्याचेही मत तेच, तोही शिरतो. तिसऱ्याने मात्र पश्चिमेच्या दुकानाची तारीफ ऐकलेली आहे. तो मनाशी म्हणतो, 'माझे मत एक, समोर मते दोन. चूक माझीच असण्याचा संभव अधिक.' आणि तोही पूर्वेला वळतो. यात मूर्खपणा काहीच नाही. विचार तर्काला धरूनच आहे. पण चौथा, पाचवा, पन्नासावा, साऱ्यांची गत तिसऱ्यासारखीच होते. आता पाहा: दुकानात माणसे ५० आहेत, पण मते मोजली गेली फक्त २. उरलेल्या ४८ जणांना जे ठाऊक होते, ते त्यांच्या मनातच राहिले.

मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ साली हे गणिताने मांडले. त्यांचे उदाहरण दोन उपाहारगृहांचे होते. १०० पैकी ९९ जणांची स्वतःची माहिती एका उपाहारगृहाच्या बाजूची असते. पण लोकांचा आधीचा समज किंचित दुसऱ्याकडे झुकलेला असेल आणि तो उरलेला एक जण पहिला आला, तर सर्व १०० जण दुसऱ्याच ठिकाणी जेवतात!

मागे जाण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे वेगळे पडण्याची भीती. १९५० च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी रेषांच्या लांबीची तुलना करण्याचा सोपा प्रयोग केला. एकट्याने उत्तर देताना माणसे जवळजवळ चुकतच नसत. परंतु आधी शिकवून ठेवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, की त्यांचीही सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकत. खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तर मात्र हे प्रमाण खूप घटे.

म्हणजे लोकांचे मत नेहमी फसवेच असते का? तसे नाही. १९०६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या जत्रेत, एक बैल कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल, अशी स्पर्धा होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. अंदाजांची मधली किंमत १२०७ पौंड निघाली. खरे वजन होते ११९८ पौंड. येथे प्रत्येकाने आपापली चिठ्ठी भरली होती. मते स्वतंत्र असली, तरच ती मोजण्यात अर्थ असतो.

हे वर्गात करून पाहता येईल. बरणीत हरभऱ्याचे मोजलेले दाणे भरा. निम्म्या मुलांना गुपचूप चिठ्ठीवर अंदाज लिहू द्या. नंतर उरलेल्यांना एकामागून एक मोठ्याने सांगायला लावा. दुसऱ्या गटातले आकडे पहिल्या एकदोन उत्तरांभोवती गोळा होतात का, ते फळ्यावर मांडून पाहा. हीच युक्ती घरीही चालते: काय हवे आणि किती पैशांत, याची यादी बाजारात जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने वेगळी लिहावी.

दिवाळीनंतर शाळा उघडते, तेव्हा एकाच तऱ्हेचे नवे कपडे वर्गात दिसतात. एखादे लेकरू जुन्याच सदऱ्यात येते. 'सगळ्यांनी घेतला, मीच राहिलो,' असे त्याला वाटते. हे 'सगळे' मुळात कितीजण होते, हे बरणीच्या प्रयोगातून त्याला दाखवता येते. आणि ॲश यांच्या प्रयोगातला तो एक सोबती व्हायला शिक्षकाला काहीच खर्च येत नाही.