लिथियमचा अणू धनभारित कसा होतो?

मोबाइल फोन आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकी यांच्यामुळे ‘लिथियम आयन’ हा शब्द आता गावोगावी पोहोचला आहे. मात्र लिथियम हा धातू आणि लिथियमचा आयन यांचे गुणधर्म अगदी भिन्न आहेत. धातूचा तुकडा पाण्यात टाकला असता हायड्रोजन वायू बाहेर पडतो व दाहक द्रावण तयार होते. उलट, लिथियम कार्बोनेट या क्षारातील आयन पाण्याशी अशी क्रिया करीत नाही. हा क्षार तर काही मनोविकारांवर वैद्यकीय देखरेखीखाली औषध म्हणून दिला जातो. हा सारा फरक एका इलेक्ट्रॉनचा आहे.

अणूची रचना

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ योहान आर्फव्हेडसन यांना १८१७ साली पेटॅलाइट या खनिजात हे मूलद्रव्य आढळले. दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लिथियम हे नाव मिळाले. त्याचा अणुक्रमांक ३ आहे. अणुकेंद्रात ३ धनभारित प्रोटॉन आणि बाहेर ३ ऋणभारित इलेक्ट्रॉन असल्यामुळे संपूर्ण अणू विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतो. यांपैकी दोन इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत व एक बाहेरच्या कक्षेत असतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर असतो. शिवाय आतील दोन इलेक्ट्रॉन केंद्राचे आकर्षण बरेचसे झाकून टाकतात. त्यामुळे त्याची पकड सैल असते.

दुसरा इलेक्ट्रॉन का सुटत नाही?

हा पहिला इलेक्ट्रॉन अणूपासून वेगळा करण्यास ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दुसरा काढावयाचा झाल्यास ७५.६४, म्हणजे सुमारे चौदापट ऊर्जा खर्ची घालावी लागते. कारण तो केंद्रानजीकच्या भरलेल्या कक्षेतील असतो. म्हणून रासायनिक क्रियांमध्ये लिथियम एकच इलेक्ट्रॉन गमावते. उरतात ३ प्रोटॉन व २ इलेक्ट्रॉन. अर्थात एक धनभार शिल्लक राहतो. हा धनभार बाहेरून येत नाही व प्रोटॉनही वाढत नाहीत, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर विशेषत्वाने ठसवावी.

ऊर्जेचा हिशेब

अणू आपला इलेक्ट्रॉन ‘आपखुशीने’ देतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. इलेक्ट्रॉन काढण्यास ऊर्जा लागतेच. फ्लोरीनच्या अणूने तो स्वीकारला, तरी सुमारे ३.४० इलेक्ट्रॉन-व्होल्टच परत मिळतात. ही तूट भरून निघते ती धन व ऋण आयन एकत्र येऊन लिथियम फ्लोराइडचा स्फटिक बनताना. पाण्यात हेच कार्य पाण्याचे रेणू करतात. ते या लहानशा आयनाभोवती घट्ट गोळा होतात व त्या वेळी ऊर्जा बाहेर पडते. आयनास सोबत मिळाली, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

बॅटरीतील प्रवास

बॅटरी वापरात असताना ग्रॅफाइटच्या थरांत साठविलेले लिथियम इलेक्ट्रॉन सोडते. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात व उपकरण चालवितात. धन आयन आतील विद्युत्‌विच्छेद्य द्रवातून दुसऱ्या अग्राकडे जातात. बॅटरी भारित करताना हा प्रवास उलट दिशेने होतो. अशा बॅटऱ्या १९९१ मध्ये प्रथम बाजारात आल्या. त्यांच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

इलेक्ट्रॉन व आयन यांच्या वाटा वेगळ्या राहतात, तोवर ऊर्जा आपल्या ताब्यात असते. बॅटरी ठेचली वा भोसकली गेल्यास दोन्ही अग्रे आतल्या आत जोडली जातात, उष्णता वाढते आणि आतील ज्वालाग्राही द्रव पेट घेऊ शकतो. यास्तव अशा बॅटऱ्या गावच्या कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नयेत. केंद्र शासनाच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची व पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या वेगळ्या गोळा करून अधिकृत संकलन केंद्राकडे सोपविण्याची व्यवस्था ग्रामपंचायतींनी केल्यास आग टळेल आणि त्यांतील मौल्यवान धातूही पुन्हा उपयोगात येतील.